‘सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट’ ठरतो कुठे आणि कसा?

मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘वाळवी’ आपण जानेवारी २०२३मध्ये थिएटरात पाहिला, मग त्याला २०२२चा राष्ट्रीय पुरस्कार कसा मिळाला? ‘बाईपण भारी देवा’ला बायकांच्या बसगाड्या भरभरून गेल्या, पण दिल्लीच्या, म्हणजे राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत त्याचं नावसुद्धा नाही. राज्य सरकार दोन-दोन वर्षांचे पुरस्कार एका रात्रीत वाटून मोकळं होतं. हे सगळं सेटिंग असतं का? आणि नसेल, तर सामान्य प्रेक्षकाने ही यादी वाचायची कशी?

मी संकलक आहे. आयुष्य एडिट टेबलावर गेलं, आणि अधूनमधून परीक्षकाच्या खुर्चीतही बसलो, खासगी पुरस्कारांच्या आणि सरकारी फेऱ्यांच्याही. सेटिंगबद्दल आधी सांगून टाकतो: ती असते, पण तुम्हाला वाटते तितकी नसते, आणि जिथे वाटते तिथे तर बहुतेकदा नसतेच. निकालाचा मोठा हिस्सा ज्युरी खोलीत शिरण्याआधीच ठरलेला असतो. सेन्सॉरच्या तारखेत, भरलेल्या अर्जात, रोज किती चित्रपट दाखवायचे या वेळापत्रकात. गुणवत्तेची पाळी त्यानंतर येते.

‘वाळवी’चं कोडं सोपं आहे. राष्ट्रीय पुरस्कारासाठी वर्ष धरतात ते सेन्सॉर प्रमाणपत्राचं. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात ज्याला प्रमाणपत्र मिळालं तो त्या वर्षाचा चित्रपट, मग तो लागो कधीही. राज्य पुरस्कारांतही हाच हिशेब. परेश मोकाशींचा ‘वाळवी’ १३ जानेवारी २०२३ला लागला, पण सेन्सॉर आदल्या वर्षी झाला होता, म्हणून तो ७०व्या राष्ट्रीय पुरस्कारांत २०२२चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. ‘फँड्री’ फेब्रुवारी २०१४मध्ये लागला आणि गणला गेला २०१३मध्ये. ‘कोर्ट’ आणि ‘किल्ला’ दोन्ही आपण २०१५मध्ये पाहिले, पुरस्कार २०१४चे. ‘गोष्ट एका पैठणीची’चं तर आणखी वेगळं: राष्ट्रीय पुरस्कार २०२०चा, जाहीर झाला जुलै २०२२मध्ये आणि चित्रपट थिएटरात आला त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे परीक्षकांनी प्रेक्षकांच्या कितीतरी आधी तो पाहिला होता. खासगी पुरस्कार बहुधा प्रदर्शनाची तारीख धरतात, त्यामुळे एकच चित्रपट दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या वर्षांत दिसतो आणि लोक म्हणतात, काहीतरी घोळ आहे. घोळ नाही, कॅलेंडर वेगळं आहे.

‘बाईपण’चा मुद्दा निराळा. राष्ट्रीय आणि राज्य पुरस्कारांत गल्ल्याला गुण नसतात. आणि कुठल्याही चित्रपटाचा विचार आपोआप होत नाही, निर्मात्याला अर्ज करावा लागतो. यादीत नसलेल्या प्रत्येक चित्रपटाला परीक्षकांनी नाकारलं असं समजणं म्हणूनच चूक आहे. काही जण अर्जच करत नाहीत. काहींचा अर्ज उशिरा जातो, काहींच्या निर्मात्यांचं आपसात वाजलेलं असतं आणि कागदावर सही कुणाची यावरच गाडी अडते. विशिष्ट चित्रपटाचं काय झालं ते त्याच्या निर्मात्यालाच ठाऊक, त्यामुळे बाहेरून ‘डावललं’ म्हणताना मी जरा थांबतो.

आता एक गंमत सांगतो, जी आमच्या क्षेत्रातल्या लोकांनाही कधीकधी लक्षात येत नाही. दिल्लीचा ‘सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट’ हा त्या वर्षीचा सगळ्यात चांगला मराठी चित्रपट असेलच असं नाही. देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून सुवर्णकमळ मराठीलाच गेलं, तर भाषेचा पुरस्कार दुसऱ्या मराठी चित्रपटाला दिला जातो. ५१व्या पुरस्कारांत ‘श्वास’ देशात पहिला आला, आणि सर्वोत्कृष्ट मराठी ठरला गजेंद्र अहिरेंचा ‘नॉट ओन्ली मिसेस राऊत’. ५९व्यात ‘देऊळ’ने ‘ब्यारी’ या चित्रपटासोबत सुवर्णकमळ विभागून घेतलं, मराठीचा पुरस्कार गेला सुजय डहाकेच्या ‘शाळा’ला. ६२व्यात ‘कोर्ट’ आणि ‘किल्ला’. ६४व्यात ‘कासव’ आणि ‘दशक्रिया’. या चार वर्षांत ‘सर्वोत्कृष्ट मराठी’ म्हणजे परीक्षकांच्या लेखी मराठीतला दुसरा. जुने पुरस्कार चाळताना हे माहीत नसेल तर माणूस हमखास फसतो. ‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट मराठीचा पुरस्कार का नाही, असं तावातावाने विचारणारे मला भेटलेत.

उलटंही होतं. ६१व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी होता चंद्रकांत कुलकर्णींचा ‘आजचा दिवस माझा’. ‘फँड्री’ला मिळाला पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा पुरस्कार आणि सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा. आज मागे वळून पाहताना लोकांना हे विचित्र वाटतं. पण पदार्पणाचा पुरस्कार हा ‘बच्चा है, शाबासकी द्या’ असा नसतो. तिथे स्पर्धा देशभरातल्या सगळ्या भाषांतल्या पहिलटकरांशी असते, मराठीच्या पुरस्कारात फक्त मराठीशी. नागराज मंजुळे त्या वर्षी जिंकले ती शर्यत मोठी होती. ७१व्या पुरस्कारांत आशिष बेंडेला ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, तेव्हाही बातम्यांत तो तिसऱ्या-चौथ्या ओळीत होता. माझ्या मते तो मथळ्यात यायला हवा होता.

या ७१व्या यादीकडे जरा थांबून बघू, कारण मराठीसाठी ती बोलकी आहे. १ ऑगस्ट २०२५ला जाहीर झाली, चित्रपट २०२३चे, कथाचित्रपटांच्या ज्युरीचे अध्यक्ष आशुतोष गोवारीकर. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ‘श्यामची आई’, दिग्दर्शक पुन्हा सुजय डहाके. १९५४मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रेंच्या ‘श्यामची आई’ला मिळालं होतं, त्याच पुस्तकावरचा हा दुसरा चित्रपट, कृष्णधवल. (पहिला ‘श्यामची आई’ ते ‘श्वास’, मध्ये तब्बल पन्नास वर्षं मराठीला सर्वोच्च मान नाही. त्यानंतरच्या तेराएक वर्षांत ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ असे तीन. दुष्काळ आणि मग एकदम धो धो.) सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ‘नाळ २’. बालकलाकारांच्या पुरस्कारात ‘नाळ २’ची तीन मुलं आणि ‘जिप्सी’चा कबीर खंदारे.

मुलांचे पुरस्कार मराठीकडे इतके का येतात, हे मला बरेच जण विचारतात. ‘श्वास’चा अश्विन चितळे, ‘टिंग्या’चा शरद गोयेकर, मग सोमनाथ अवघडे, श्रीनिवास पोकळे दोनदा. आपल्याकडे मुलांवर चित्रपट करण्याची जुनी परंपरा आहे, मुलांकडून काम करून घेणारे दिग्दर्शकही आहेत, हे खरंच. पण माझा एक अंदाज परीक्षणाच्या पद्धतीशी जोडलेला आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत आधी विभागवार परीक्षक मंडळं चित्रपट बघतात. मराठी येतो पश्चिम विभागात, गुजराती-कोंकणीसोबत. तिथून निवडलेले चित्रपट केंद्रीय ज्युरीसमोर जातात आणि त्या खोलीत मराठी समजणारा एखाद-दुसराच असतो. बाकीचे इंग्रजी सबटायटल्स वाचत बघतात. आता वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या पात्राचा अर्धा अभिनय बोलीच्या हेलात असतो. तो खालच्या ओळीत उतरत नाही, सगळी पात्रं एकाच सपाट इंग्रजीत बोलू लागतात. संवादांवर उभा असलेला चित्रपट इथे मार खातो. मूल मात्र डोळ्यांनी बोलतं. त्याला खालची ओळ लागत नाही. म्हणून निर्मात्यांना मी नेहमी सांगतो: पोस्टरवर खर्च करता त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी तरी काळजी सबटायटल्सची घ्या. शेवटच्या आठवड्यात कुणा भाच्याला बसवून करून घेतलेली सबटायटल्स मी पाहिली आहेत. विनोदावर कुणी हसत नाही आणि गंभीर प्रसंगी खोलीत खसखस पिकते.

राज्य पुरस्कारांची रचना वेगळी आहे आणि तिच्यातल्या काही गोष्टी मला दिल्लीपेक्षा आवडतात. इथे मराठी कळणारे परीक्षक मराठी चित्रपट बघतात, हा पहिला फायदा. दुसरा म्हणजे पुरस्कारांना नावं आहेत आणि ती नावं उगाच नाहीत. पहिल्या क्रमांकाच्या चित्रपटाला दादासाहेब फाळके, दिग्दर्शनाला भालजी पेंढारकर, गीतांना ग. दि. माडगूळकर, छायालेखनाला पांडुरंग नाईक, कला दिग्दर्शनाला साहेबमामा फत्तेलाल, विनोदी कलाकाराला दामूअण्णा मालवणकर. नव्या अभिनेत्याला काशिनाथ घाणेकरांच्या नावाचा, नव्या अभिनेत्रीला रंजनाच्या नावाचा. स्टेजवर सूत्रसंचालक ही नावं धडाधड वाचून पुढे जातो, पण मराठी चित्रपट कुणी उभा केला याची ही हजेरीच आहे. तिसरं म्हणजे, चित्रपट आणि दिग्दर्शक दोन्हींत पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक दिला जातो. लोक याला ‘सगळ्यांना खूश करणं’ म्हणतात. मला तसं वाटत नाही. एक नंबर देताना ज्युरी बरेचदा सुरक्षित चित्रपट निवडते, तीन द्यायचे असले की धाडसी चित्रपटाला तिसऱ्यावर तरी जागा मिळते. राज्य पुरस्कारांची जुनी यादी काढलीत तर मी सांगेन, तिसऱ्या क्रमांकावरून सुरुवात करा.

पद्धत दोन टप्प्यांची. प्राथमिक फेरीचे परीक्षक आलेले सगळे चित्रपट बघतात, त्यांतले दहा अंतिम फेरीत पाठवतात आणि अभिनय, दिग्दर्शन, संगीत वगैरेंची नामांकनं काढतात. कला दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी, वेशभूषा, रंगभूषा आणि बालकलाकार यांचे निकाल मात्र याच फेरीत लागतात. म्हणून नामांकनांच्या बातमीत तंत्रज्ञांची नावं थेट ‘विजेते’ म्हणून येतात आणि नटांची ‘नामांकित’ म्हणून. या व्यवस्थेवर आम्हा तंत्रज्ञांत दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, सगळे चित्रपट ज्यांनी पाहिले त्यांनीच तांत्रिक निवड करावी, हे रास्तच. दुसऱ्याचं म्हणणं, यात तंत्रज्ञाच्या वाट्याला ती धडधड येत नाही, पाकीट फोडण्याचा क्षण नटांनाच. मी पहिल्या तटात. धडधडीचं मला फारसं काही वाटत नाही.

प्राथमिक फेरी ही खरी हमालीची जागा. सकाळी दहाला प्रिव्ह्यू थिएटरात बसायचं, पहिला चित्रपट, चहा, दुसरा, जेवण, तिसरा, आणि उरकायचं असेल तर चौथा. एसी इतका की दुसऱ्या दिवशी सगळे शाल घेऊन येतात. मांडीवर फॉर्म, त्यावर विभागांची लांबलचक यादी, प्रत्येक चित्रपटानंतर दहा मिनिटांत गुण भरायचे. जेवणानंतरचा चित्रपट दुर्दैवी. संथ असेल तर संपलाच. त्याच चित्रपटाला सकाळी दहाची वेळ मिळाली असती तर तो अंतिम फेरीच्या दहा चित्रपटांत गेला असता, असं मला एकाहून अधिक वेळा वाटलेलं आहे. अध्यक्ष जाणता असेल तर तो क्रम बदलत राहतो, गंभीर चित्रपट सकाळी घेतो, वाद झालेला चित्रपट पुन्हा लावायला लावतो. नसेल तर मग आयोजकाच्या ड्रायव्हरने ज्या क्रमाने डिस्क आणल्या त्या क्रमाने मराठी चित्रपटाचं भवितव्य ठरतं. हे सेटिंग नाही. पण निकालावर याचा परिणाम कुठल्याही फोनपेक्षा जास्त होतो.

माझ्या विभागाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण ज्युरी किती समजूतदार आहे ते संकलनाच्या पुरस्कारावरून ओळखता येतं. खोलीत हमखास एक वाक्य ऐकू येतं: ‘एडिटिंग मस्त होतं हो, एकदम फास्ट!’ वेगवान कट म्हणजे चांगलं संकलन, ही समजूत काही जात नाही. ‘कोर्ट’ घ्या. चौकट लांब आणि स्थिर, माणसं बोलून निघून गेली तरी शॉट चालूच. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, माणसं पांगतात, दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळोखा होतो. प्रेक्षक चपला शोधू लागतो. आणि चित्रपट तिथून न्यायाधीशांच्या सहलीला जातो! तिथे काळोखावर संपवला असता तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पुढे जाण्यात आणि तेही इतक्या निवांतपणे जाण्यात जो निर्णय आहे, तो संकलनाचा आणि दिग्दर्शनाचा मिळून. त्या वर्षीचा संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार तमिळ ‘जिगरठंडा’ला गेला. तेही उत्तमच काम, पण ते दिसणारं काम आहे. न दिसणाऱ्या कामाला पुरस्कार देण्यासाठी परीक्षकांत किमान एक तरी त्या कामात हात काळे केलेला माणूस लागतो. तो असला की मग ‘व्हेंटिलेटर’सारखा निकाल येतो. ६४व्या पुरस्कारांत रामेश्वर भगतला संकलनाचं रजतकमळ मिळालं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. हॉस्पिटलच्या आवारात नातेवाइकांची जत्रा, एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याचं बोलणं, आणि तरी कोण कुठे उभं आहे, कोण कुणाला टाळतंय, यात कधीच गोंधळ होत नाही. प्रेक्षकाला वाटतं आपोआप झालंय. याच चित्रपटासाठी राजेश मापुसकरला दिग्दर्शनाचा पुरस्कारही त्याच यादीत होता, आणि हे दोन पुरस्कार जोडीने आले ते बरोबरच झालं.

ध्वनीच्या विभागात काय होतं याचं उदाहरण आपल्या भाषेतलं नाही, पण सांगण्यासारखं आहे. ६८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘डोल्लू’ या कन्नड चित्रपटाला सिंक साऊंडचा पुरस्कार मिळाला, म्हणजे प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या जागी मुद्रित केलेल्या आवाजाचा. त्याच चित्रपटाच्या ध्वनिसंयोजकाने जाहीरपणे सांगितलं की चित्रपट सिंक साऊंडमध्ये नाहीच, डब केलेला आहे. परीक्षकांना ऐकून कळलं नाही आणि अर्जातल्या रकान्याने पुढचं काम केलं. ७०व्या पुरस्कारांपासून ध्वनीचे उपविभाग मोडून एकच ध्वनिसंयोजनाचा पुरस्कार केला गेला. त्याने असा गोंधळ टळेल, पण लोकेशनवर बूम, म्हणजे लांब दांड्याचा माईक, धरून उन्हात उभा राहणारा माणूस यादीतून गेला, हे मला खटकतं.

तंत्रज्ञांच्या बाबतीत मराठीचं सोनेरी वर्ष कुठलं, असं विचाराल तर मी ५९वे राष्ट्रीय पुरस्कार सांगेन. लोकांच्या लक्षात राहिलं ‘देऊळ’चं सुवर्णकमळ आणि गिरीश कुलकर्णीचे अभिनय आणि संवाद असे दोन पुरस्कार. पण त्याच यादीत ‘बालगंधर्व’ होता: गायनासाठी आनंद भाटे, वेशभूषेसाठी नीता लुल्ला, रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड. शेवटच्या दोन विभागांत ‘द डर्टी पिक्चर’सोबत विभागून, आणि रंगभूषेत तर दोन्ही चित्रपट गायकवाडांचेच. एका पुरुषाला पडद्यावर जवळून बघतानाही बालगंधर्व वाटायला लावणं, हे काम किती अवघड आहे ते क्लोज-अप कापताना आम्हाला कळतं. जरा उणीव असली तर संकलक तो शॉट टाळतो, लांबचा घेतो. तिथे टाळावं लागलेलं दिसत नाही.

खासगी पुरस्कारांबद्दल थोडक्यात. हे टीव्हीचे कार्यक्रम आहेत आणि ते तसेच पाहावेत. त्यांत काही ज्युरी प्रामाणिक असतात, मीही बसलो आहे, कुणी गुण बदलायला सांगितलं नाही. पण पुरस्कारांचे विभाग कुठले ठेवायचे हे ज्युरी ठरवत नाही. प्रायोजकाच्या नावाचा ‘चेहरा’ आणि ‘स्टाइल’ कुठल्या खोलीत ठरतात ते परीक्षकाला टीव्हीवरच कळतं. एकदा आमच्या एका चित्रपटाला नामांकन होतं, तर सोहळ्याच्या दोन दिवस आधी आयोजकांकडून फोन आला की तुमचा हीरो येतोय ना, नक्की सांगा, म्हणजे आम्हाला ‘ठरवायला’ बरं. हीरो शूटिंगला होता. पुढचं सांगायला नको. प्रेक्षकांच्या मतांवर चालणारे पुरस्कार मला यापेक्षा सरळ वाटतात, कारण ते लोकप्रियता मोजतो असं उघड म्हणतात. ‘बाईपण’सारख्या चित्रपटांची जागा तिथे आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

दोन-दोन वर्षांचे सोहळे एकदम का? साठले म्हणून. कोविडने घडी विस्कटली आणि राज्याचे पुरस्कार मागे पडले. ऑगस्ट २०२४मध्ये ५८वा आणि ५९वा, ५ ऑगस्ट २०२५ला वरळीच्या डोममध्ये ६०वा आणि ६१वा, असे जोडसोहळे झाले. त्या २०२५च्या रात्री महेश मांजरेकरांना व्ही. शांताराम जीवनगौरव, मुक्ता बर्वेला विशेष योगदान, अनुपम खेर आणि काजोल यांना राज कपूर यांच्या नावाचे सन्मान आणि भीमराव पांचाळेंना लता मंगेशकर पुरस्कार. मोठी नावं, मोठा झगमगाट, आणि दोन वर्षांचे सगळे विजेते त्याच काही तासांत उरकायचे. वेषभूषाकाराला बोलायला अर्ध्या मिनिटाचीही उसंत नाही. मागचा साठा संपवणं भागच होतं, तक्रार करून उपयोग नाही. पण दोन वर्षांपूर्वीच्या चित्रपटाला पुरस्कार मिळतो तेव्हा तो थिएटरातून केव्हाच उतरलेला असतो आणि पुरस्काराचा तिकीटबारीला शून्य उपयोग होतो, हे सरकारने लक्षात घ्यायला हवं.

दिल्लीचा सोहळा त्या मानाने आटोपशीर. विज्ञान भवन, राष्ट्रपती, तालीम आदल्या दिवशी, कुठून चालायचं, कुठे थांबायचं, पदक कसं घ्यायचं ते आखून दिलेलं. २३ सप्टेंबर २०२५ला ‘नाळ २’ची चिमुरडी त्रिशा ठोसर साडी नेसून राष्ट्रपतींसमोर गेली, तेव्हा सभागृहात जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो मोठमोठ्या नटांच्या वाट्याला आला नाही. याच मंचावर २०१८मध्ये रुसवेही झालेत. राष्ट्रपती फक्त ११ पुरस्कार देणार, बाकीचे मंत्री देणार, असं ऐनवेळी कळलं आणि पन्नासहून अधिक विजेत्यांनी सोहळ्याकडे पाठ फिरवली. तेव्हा काहींनी नाकं मुरडली, पुरस्कार कुणाच्याही हातून घ्या, काय फरक पडतो म्हणून. फरक पडतो. रजतकमळाबरोबर येतो तो पैसा मोठा नसतो, ७०व्यापासून वाढवून २ लाख आणि सुवर्णकमळाला ३ लाख झाला. राज्याचं चित्रपट अनुदानच ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ला ३० लाख आहे. त्यामुळे दिल्लीला कुणी पैशासाठी जात नाही. आई-वडिलांना घेऊन जातात, राष्ट्रपतींसोबतचा फोटो घरात लावायला.

मग पुरस्काराचा धंद्याला उपयोग होतो का? वेळेवर आला तर होतो. ‘कासव’ला सुवर्णकमळ जाहीर झालं एप्रिल २०१७मध्ये आणि तो थिएटरात लागला त्याच वर्षी ऑक्टोबरात. तशा चित्रपटाला थिएटरवाल्यासमोर उभं राहायला ते कमळच ओळखपत्र म्हणून चाललं. ‘पैठणी’चंही तेच. प्रदर्शनानंतर मिळालेला पुरस्कार पुढच्या चित्रपटाच्या निर्मात्याशी बोलताना कामाला येतो, चालू चित्रपटाच्या नाही. आणि पोस्टरवर दोन बाजूंनी गवताच्या पात्यासारखी नक्षी काढून आत लिहिलेल्या प्रत्येक महोत्सवाचं नाव वाचा. काही खरोखर मानाचे असतात. काही प्रवेश फी भरली की नक्षी देतात.

शेवटी, ज्यांचा स्वतःचा चित्रपट तयार होत आलाय त्यांच्यासाठी थोडं. डिसेंबरात मिक्सिंग संपत असेल तर सेन्सॉरला घाईने जाऊ नका. ३० डिसेंबरचं प्रमाणपत्र मिळालं की तुम्ही सरत्या वर्षाच्या शर्यतीत ढकलले जाता, अर्जाची मुदत जवळ आलेली असते, सबटायटल्स कच्ची, प्रत कच्ची. जानेवारीत प्रमाणपत्र घेतलंत तर हातात जवळजवळ वर्ष राहतं. फक्त प्रदर्शनाची तारीख ठरलेली नसेल तरच हे जमतं. अर्ज निर्मात्याच्या ऑफिसातल्या मुलावर सोपवू नका. दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट असेल तर तसं नोंदवा, नाहीतर पदार्पणाच्या विभागात विचारच होणार नाही. बालकलाकारांची नावं आधार कार्डावर आहेत तशी लिहा. आणि ध्वनीच्या रकान्यात काय भरायचं ते निर्मात्याला नाही, आवाज ज्याने केला त्याला विचारा.